उतारावरची काठी

सह्याद्रीत माणूस दमतो तो चढताना, पण पाय मुरगळतो, गुडघा धरतो, घसरून हात सोलवटतात ते बहुतेकदा उतरताना. डोंगरात नेहमी जाणाऱ्या कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. चढताना अंगात सकाळचा जोम असतो आणि लक्ष वाटेवर असतं. उतरताना माथा पाहून झालेला असतो, बाटलीतलं पाणी तळाला गेलेलं असतं, पायथ्याच्या गावातून सुटणारी शेवटची एसटी गाठायची असते; आणि सकाळी दवानं दबलेला मुरूम दिवसभराच्या उन्हानं सुटा होऊन पायाखाली वाट बघत असतो. तरीही आपल्या गप्पा, फोटो, माहितीपत्रकं सगळी चढाईची. अमुक किल्ला किती वेळात चढला हे जो तो सांगतो. तो कसा उतरला हे कुणी विचारत नाही. हे पुस्तक उतरणाऱ्याच्या बाजूनं लिहिलं आहे, आणि उतरताना सगळ्यात जास्त उपयोगी पडणाऱ्या वस्तूबद्दल आहे. ती वस्तू म्हणजे काठी. मग ती कारवीची असो, बांबूची असो, नाहीतर दुकानातून आणलेली, तीन नळ्या एकात एक सरकणारी असो.

आधी गुडघ्याचं बघू, कारण काठीचं शास्त्र तिथूनच सुरू होतं. चढताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू आखडत जातो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतानाच भार पेलत असतो. शरीर धपकन खाली येऊ नये म्हणून ते रोखून धरतो. भार घेऊन लांब होण्याचं हे काम स्नायूच्या तंतूंना चांगलंच जाचतं. मोठ्या ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी घराचा जिना चढताना फारसं काही वाटत नाही आणि उतरताना मात्र कठडा धरावा लागतो, त्याचं कारण हे आहे. शिवाय गुडघा जितका जास्त वाकेल तितकी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. गडाच्या पायऱ्या घराच्या जिन्यासारख्या एका मापाच्या नसतात. एखादी वीतभर, तर पुढची मांडीएवढी. त्या उंच पायरीवरून खाली पाऊल टाकताना मागच्या पायाचा गुडघा खोल वाकतो आणि पाठीवरच्या सॅकसकट सगळं वजन त्या एका सांध्यावर येतं. काठी या वजनातला थोडा वाटा हातातून आणि खांद्यातून जमिनीला देते, आणि खालचं पाऊल टेकण्याच्या आधीच देते. ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाऊल पडल्यावर टेकलेली काठी फक्त तोल सांभाळायला कामी येते, गुडघ्याचा भार काही ती उचलत नाही.

हा वाटा किती, हे मोजलं गेलं आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २५ अंशांच्या उतरत्या फळीवरून आठ पुरुषांना दोन काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय चालवलं आणि गुडघ्यावर येणारी बलं मोजली. काठ्यांमुळे ती १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाली. ‘काठी घेतली की गुडघ्यावरचा भार पाव हिश्शानं कमी होतो’ असं जे सरसकट सांगितलं जातं, त्याचं मूळ इथे आहे, पण सांगताना निम्मी गोष्ट गळून पडते. ती माणसं मोजकी होती, फळी सपाट आणि कोरडी होती, आणि पाव हिस्सा हा वरचा आकडा होता. आपल्या घसाऱ्यावर, वेड्यावाकड्या धोंड्यांवर नेमका तोच आकडा मिळेल असं कुणी सांगू शकत नाही. मला त्याहून जवळचा वाटतो तो २०११ सालचा एक ब्रिटिश अभ्यास, कारण तो खऱ्या डोंगरावर झाला. वेल्समधला स्नोडन हा १,०८५ मीटरचा डोंगर ३७ जणांनी चढून उतरला. काहींना ट्रेकिंग पोल दिले होते, काहींना नव्हते. पुढचे दोन-तीन दिवस त्यांच्या स्नायूंची ताकद आणि दुखणं तपासलं. पोलवाल्यांचे पाय कमी दुखले आणि त्यांची ताकदही लवकर परतली. स्नोडनची उंची आपल्या तोरण्यापेक्षा कमीच आहे. सलग दोन दिवस राजगड-तोरणा करणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच्या पायांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता काठ्यांबद्दल. डोंगरकपारीतल्या माणसाला काठीची ओळख कुठल्याही अभ्यासानं करून दिलेली नाही. धनगर, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या हातात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. गुरं वळायला, झुडपातून वाट करायला, फांदीवरचं फळ पाडायला आणि उतारावर टेकायला एकच काठी. दक्षिण कोकणात माणगा नावाचा बांबू बांधाबांधावर लावतात. त्याला काटे नसतात आणि खालची पेरं जवळजवळ भरीव असतात. मानवेलही तसाच, बारीक आणि भरीव. पोकळ बांबू दिसायला जाड असला तरी दगडावर जोरात टेकला की पेरापाशी चिरतो. भरीव बांबू वर्षानुवर्षं टिकतो. घाटमाथ्यावर कारवी मुबलक. तिच्या वाळलेल्या काटक्यांचे कूड विणून त्यावर शेणमाती लिंपतात, घरांच्या भिंती होतात. कारवीची काठी हलकी आणि सरळ, पण जुनी झाली की ठिसूळ होते, हे धरूनच ती वापरायची.

एखादा वाटाड्या पाहुण्यासाठी काठी निवडतो ते जवळून बघण्यासारखं असतं. पडलेल्या काटक्यांमधून तो एक उचलतो, दोन्ही टोकं धरून गुडघ्यावर हलकीच वाकवतो आणि कान देतो. ‘कट्ट’ असा बारीक आवाज आला की ती टाकून देतो. दुसरी उचलतो, वाकवतो, मग कातळावर उभी आपटून बघतो. हाताला झिणझिण्या आल्या तर काठी आतून भरीव नाही. पसंत पडली की कोयत्यानं तिची गाठीगाठींवरची साल काढतो, हाताला टोचणारं काही ठेवत नाही. खालचं टोक तो अणकुचीदार करत नाही, सपाट छाटतो. अणकुचीदार टोक दोन दगडांच्या फटीत जाऊन बसतं आणि काठी मागे राहते, माणूस पुढे जातो. लांबी छातीपर्यंत, कधी खांद्यापर्यंत. शहरातल्या माणसाला ती फार लांब वाटते. पण त्या लांबीत सगळी सोय आहे. चढावर हात खाली सरकवायचा, उतारावर वर न्यायचा. ट्रेकिंग पोलमध्ये खटके उघडून नळ्या सरकवाव्या लागतात, तेच काम इथे मुठीची पकड सैल करून होतं. आडव्या वाटेवर दर दहा पावलांनी उतार बदलतो तेव्हा साधी काठी महागड्या पोलपेक्षा सरस ठरते, असं माझं ठाम मत आहे.

आणि उतरायचं कसं हे शिकायचं असेल तर डोक्यावर मोळी घेऊन नाळेतून खाली येणाऱ्या बाईकडे बघावं. एक हात मोळीला, दुसऱ्यात काठी. पावलं लहान लहान, गुडघे किंचित वाकलेले, कधीच ताठ नाहीत. काठी पुढच्या पावलाच्या जरा पुढे आणि खाली टेकते, मग पाऊल, मग दुसरं पाऊल. काठीवर ती कधी रेलत नाही. आधी नुसती टेकवून दगड हलतो का ते बघते, मग थोडा भार, मग पाऊल. सगळं एका लयीत, न थांबता. पुढच्या प्रकरणांत उतरण्याच्या ज्या पद्धती आकृत्यांसह दिल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच मला आधी अशा बायकांच्या चालीत दिसल्या आणि नंतर पुस्तकांत सापडल्या.

युरोपातल्या आल्प्समध्येही गोष्ट मेंढपाळांपासूनच सुरू होते. तिथले मेंढपाळ आणि शिकारी पुरुषभर उंचीची, टोकाला लोखंडी खिळा बसवलेली लाकडी काठी वापरत. तिला आल्पेनस्टॉक म्हणतात. ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल पाकार हे दोघे मॉँ ब्लाँच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले; सुमारे ४,८०० मीटरचा तो बर्फाळ डोंगर त्यांनी दोराशिवाय, बर्फकुऱ्हाडीशिवाय, अशा लांब काठ्यांच्या जोरावर सर केला. पुढे एकोणिसाव्या शतकात या काठीचा आणि लहान कुऱ्हाडीचा मेळ घालून आजची बर्फकुऱ्हाड तयार झाली. त्याच काळात आल्प्स बघायला येणारे हौशी प्रवासी आपल्या काठीवर पार केलेल्या खिंडींची नावं डाग देऊन उमटवून घेत. आज आपण वापरतो तो ट्रेकिंग पोल मात्र स्कीच्या काठ्यांच्या घराण्यातला. जर्मनीच्या लेकी कंपनीनं १९७४ साली लांबी कमी-जास्त करता येणारा पोल आणला आणि त्याला हिमालयातल्या मकालू शिखराचं नाव दिलं. तेव्हापासून गिर्यारोहकांच्या तळापासून ते रविवारच्या भटक्यांपर्यंत तो पसरत गेला. हिमालयात मात्र त्याच्या फार आधीपासून नेपाळी हमालांचा टोकमा होता आणि आजही आहे. इंग्रजी टी अक्षरासारखी ही आखूड काठी चालताना टेकायला होते आणि थांबलं की पाठीवरच्या ओझ्याखाली उभी करतात. ओझं काठीवर टेकतं, हमाल उभ्या उभ्या श्वास घेतो. साठ-सत्तर किलो एकदा जमिनीवर ठेवले की पुन्हा उचलताना जीव जातो, म्हणून ही युक्ती.

आपल्याकडे तरुण ट्रेकरला काठी घ्यायची लाज वाटते. काठी म्हणजे म्हातारपण, काठी म्हणजे आजारपण, हे डोक्यात घट्ट बसलं आहे. बावीस वर्षांचा मुलगा पाठीवर बारा किलो घेऊन हरिश्चंद्रगडाहून घसाऱ्यावर धावत उतरतो आणि ते त्याला शौर्य वाटतं. त्याचे गुडघे त्याला पुढची चाळीस वर्षं वापरायचे आहेत. मला त्याची काळजी वाटते आणि ती मी इथे मोकळेपणानं मांडतो आहे. ज्यांना काठी म्हणजे मंद चाल वाटते त्यांनी दांडीयात्रेची जुनी छायाचित्रं बघावीत. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी तेव्हा साठी ओलांडलेले होते. ५ एप्रिलला ते दांडीला पोचले, अंतर जवळजवळ ३८५ किलोमीटर, आणि हातात बांबूची लांब काठी. ती त्यांना काकासाहेब कालेलकरांनी दिली असं सांगितलं जातं. कालेलकर मूळचे साताऱ्याचे आणि स्वतः हिमालयात पायी भटकलेले, त्यामुळे काठी पारखणारा माणूस योग्यच होता.

पण उलट टोकही आहे, आणि काठीच्या प्रेमात पडलेल्यांनी ते नीट वाचावं. जगभरच्या गिर्यारोहण संस्थांचा महासंघ असलेल्या यूआयएएच्या वैद्यकीय आयोगानं काठ्यांवर एक टिपण काढलं आहे. वय झालेल्यांना, वजन जास्त असणाऱ्यांना, गुडघ्याचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यांना आणि जड ओझं वाहणाऱ्यांना दोन काठ्यांची शिफारस त्यात आहे. सोबत इशाराही आहे: सतत काठ्या वापरल्या तर तोल सांभाळण्याची शरीराची उपजत जाण बोथट होते, आणि सांध्यातल्या कूर्चेला निरोगी राहण्यासाठी जो भार हवा तोही कमी पडतो. तोल सांभाळता न येणारा माणूस काठी चालत नाही अशा जागी, म्हणजे अरुंद धारेवर किंवा कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर, अडचणीत येतो. माझ्या मते निरोगी तरुणानं चढाव आणि सपाटी मोकळ्या हातांनी चालावी आणि लांब उताराला काठी काढावी. साठीनंतर, किंवा गुडघा एकदा दुखावल्यावर, हा नियम सोडून द्यावा आणि पायथ्यापासून दोन्ही काठ्या हातात घ्याव्यात.

काठी कुठे आत ठेवायची हे ठाऊक असणं ती वापरता येण्याइतकंच जरुरीचं आहे. हरिहरच्या उभ्या कोरीव पायऱ्यांत हातासाठी खोबण्या आहेत. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. कलावंतीणच्या पायऱ्या, अलंग-मदनचे दोराचे टप्पे, कळसूबाईच्या आणि रतनगडाच्या लोखंडी शिड्या, नळीच्या वाटेतले कातळटप्पे, या सगळ्या ठिकाणी काठी शत्रू. मनगटाला पट्ट्यात लटकत ठेवून शिडी चढणारे अनेक दिसतात. लटकती काठी शिडीच्या गजात किंवा खालच्याच्या डोळ्यात जाते. टप्पा सुरू होण्याआधी, सपाट जागी थांबून, पोल मिटून सॅकच्या बाजूला टोक खाली करून बांधावा. साधी काठी असेल तर ती सरळ खालीच ठेवून द्यावी आणि परतीला उचलावी, किंवा मागच्याच्या हाती द्यावी. एक मिनिट जातं. रांगेतले मागचे लोक घाई करतात, त्यांना करू द्यावी.

जमिनीप्रमाणे काठी टेकायची रीत बदलते, आणि सह्याद्रीची जमीन चार कोसांवर रंग बदलते. मुरमाच्या घसाऱ्यावर काठी नुसती टेकवून चालत नाही, तिरकी रोवावी लागते, आणि ती शरीराच्या पुढे असावी. बाजूला ठेवली तर पाय निसटताच तीही निसटते. ओल्या, शेवाळलेल्या काळ्या कातळावर रबरी बूच साबणासारखं सरकतं. तिथे बूच काढून टंगस्टन कार्बाइडचं कडक टोक वापरावं, आणि तेसुद्धा खरबरीत जागा किंवा भेग बघून. पावसाळी गवताखाली खड्डा आहे की धोंडा हे डोळ्यांना कळत नाही, काठीला कळतं. कोकणातल्या जांभ्या सड्यावर भोकंच भोकं. बारीक टोक त्यात रुततं आणि पोल कार्बनचा असेल तर तिथेच मोडतो. कार्बनचा पोल हलका असतो, पण बाजूनं ताण आला की सूचना न देता तुटतो. ॲल्युमिनियमचा वाकतो, आणि वाकलेला पोल सरळ करून निदान पायथ्यापर्यंत पोचता येतं. सह्याद्रीच्या दगडांत मी ॲल्युमिनियमच सुचवीन. आडव्या वाटेवर हातात एकच काठी असेल तर ती डोंगराच्या अंगाला धरावी. दरीकडे टेकायला गेलं की सगळं अंग दरीकडे झुकतं, आणि टोक जिथे टेकतं ती कड बहुतेकदा भुसभुशीत असते.

मुठीच्या पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण दहातले आठ जण तो चुकीचा घालतात. हात वरून पट्ट्यात घालून मूठ धरली तर पट्टा नुसताच लोंबतो. हात खालून वर न्यायचा, पट्ट्याच्या फाशातून बाहेर काढायचा, आणि मग तळवा खाली आणून पट्ट्यासकट मूठ धरायची. आता पट्टा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून मनगटाच्या मागे जातो आणि भार मनगटावर येतो. बोटं सैल राहतात. संध्याकाळी बोटं आखडत नाहीत. ओढा ओलांडताना, पडण्याची भीती असलेल्या उतारावर, आणि मोठ्या धोंड्यांच्या राशीतून जाताना मात्र मनगट पट्ट्यातून बाहेर असलंच पाहिजे. काठी फटीत अडकली आणि मनगट पट्ट्यात असलं तर खांदा निखळतो. लांबीचं मापही सोपं आहे. सपाट जमिनीवर टोक टेकलं की कोपर काटकोनात हवं. चढावर पाच-दहा सेंटिमीटर कमी, लांब उतारावर तेवढेच जास्त. नळीवर ‘स्टॉप’ची खूण असते, तिच्यापुढे नळी ओढू नये, पोल ऐन भाराच्या वेळी आत बसतो तो त्यामुळेच.

पावसाळ्यातल्या ओढ्यांबद्दल पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, आणि वेळ कमी असेल त्यानं बाकी सगळं सोडून आधी ते वाचावं. पाणी गढूळ असेल, गुडघ्याच्या वर असेल, किंवा तळातले दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर कुठल्याही काठीच्या भरवशावर उतरू नये. सह्याद्रीतले ओढे लवकर चढतात तसे लवकर उतरतातही, पाऊस थांबला की काही तासांत. थांबावं, मुक्काम करावा लागला तर करावा. उतरण्याजोगं पाणी असेल तर तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करावं, काठी पुढे, प्रवाहाच्या विरुद्ध टेकवावी, आणि काठी व दोन पाय या तिघांतलं एकाच वेळी एकच हलवावं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाय सुटला तर सॅक टाकता येईल.

सापांबद्दल एक समज फार पसरला आहे: काठी आपटत चाललं की साप पळून जातात. सापाला जमिनीतली कंपनं जाणवतात हे खरं आहे आणि धामणीसारखा साप बहुतेकदा निघूनही जातो. पण फुरसं आणि घोणस हे दडून, स्थिर बसणारे साप आहेत. कंपन झालं तरी जागचे हलत नाहीत. कोकणातल्या दगडगोट्यांत, जांभ्याच्या सड्यावर फुरसं अगदी मातीच्या रंगाचं असतं. तिथे आपटण्यापेक्षा काठीनं गवत बाजूला करून बघणं आणि मगच पाऊल टाकणं हाच उपाय. हात टेकण्याआधी दगडाच्या मागे काठी फिरवावी. आणि साप दिसला तर काठी त्याच्यावर उगारू नये, मागे व्हावं. मधमाश्यांच्या पोळ्यांजवळच्या कड्यांवर काठीची आपटाआपट तर मुळीच नको.

काठीचं टोक जमिनीवर खूण ठेवतं, याकडे आपण अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही. कास पठाराचा समावेश पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशात झाला. त्या सड्यावर मातीचा थर किती पातळ असतो हे एकदा खाली बसून बघा. त्या बोटभर मातीत सगळी फुलं उभी असतात. तिथे पोलचं टोक उघडं ठेवून वाट सोडणं म्हणजे ती माती टोचून सैल करणं, आणि सैल माती पहिल्या जोरदार पावसात जाते. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा आहेत. त्यांच्या जुन्या पायऱ्यांवर, दरवाजांच्या उंबऱ्यांवर हजारो कडक टोकं रोज ओरखडे काढू लागली तर काही वर्षांत दिसेल. कोरड्या दगडावर रबरी बूच पुरेसं धरतं. पायऱ्यांवर ते चढवूनच चालावं, आणि झिजलेलं बूच वाटेत गळून पडू देऊ नये.

जिवंत कारवी तोडण्याबद्दलही बोललं पाहिजे. कारवीचं रान सात वर्षांतून एकदा एकदम फुलतं, बी धरतं आणि मरतं. सहाव्या वर्षी काठीसाठी तोडलेलं झुडूप फुलायच्या आतच गेलं. गावकरी तोडतात ते त्यांच्या घरासाठी, हिशोबानं. रविवारी येणाऱ्या शंभर जणांनी एकेक ओली काठी तोडायची आणि संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर टाकून द्यायची, हे बंद झालं पाहिजे. वाळून पडलेली काठी शोधावी, किंवा पायथ्याच्या गावात कुणाकडून बांबूची विकत घ्यावी. चार पैसे गावात राहतात आणि काठी घरी नेता येते.

काठी घरी नेण्याचं महत्त्व यात्रेकरूंना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. गिरनारला दत्तपादुकांच्या दर्शनाला महाराष्ट्रातून अखंड रीघ असते. जवळजवळ दहा हजार पायऱ्या, रात्री चढायला सुरुवात, आणि तळेटीला काठ्या भाड्यानं देणारी मंडळी. चढताना अनेक जण ती नाकारतात. पहाटे उतरताना भाड्याची काठी धरलेल्यांचे पाय आणि रिकाम्या हातांनी उतरणाऱ्यांचे थरथरणारे पाय यांच्यातला फरक तिथल्या पायरीवर बसून नुसता बघावा. केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडालाही खाली लोखंडी टोक ठोकलेल्या काठ्या मिळतात. नर्मदा परिक्रमेला निघालेल्याच्या हातात दंड आणि कमंडलू असतात, आणि तो दंड हजारो किलोमीटर साथ देतो. महाराष्ट्रातून परिक्रमेला जाणाऱ्यांत कितीतरी जण साठीच्या पुढचे आहेत. जपानात फुजी पर्वतावर अष्टकोनी लाकडी काठी घेऊन चढतात आणि वाटेतल्या प्रत्येक झोपडीत तिच्यावर तापलेल्या लोखंडाचा शिक्का मारून घेतात. शिकोकू बेटावर ८८ देवळांची पायी यात्रा करणारे आपली काठी म्हणजे प्रत्यक्ष गुरू कोबो दाइशी मानतात. मुक्कामी पोचल्यावर स्वतःचे पाय धुण्याआधी ते काठीचं टोक धुतात.

हे धुणं श्रद्धेचं असलं तरी ट्रेकरनंही ते करावं, कारण पावसाळ्यातून आल्यावर पोल मिटून कपाटात टाकला की महिनाभरात नळ्या एकमेकींत गच्च बसतात. घरी आल्यावर तिन्ही नळ्या सुट्या कराव्यात, चिखल ओल्या फडक्यानं पुसावा, आणि पूर्ण वाळल्यावरच जोडाव्यात. नळ्यांना तेल लावू नये, खटका धरत नाही. खटक्याचा स्क्रू वर्षातून एक-दोनदा आवळून बघावा. उघडलेल्या पोलवर सगळं वजन टाकून तो खाली बसत नसेल तर ठीक. बांबूची काठी असेल तर तिला उन्हात तापत ठेवू नये, सावलीत उभी करावी, आणि खालचं टोक चिरायला लागलं की चार बोटं कापून टाकावं.

पुढची प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांनी काठी कधीच वापरली नाही त्यांनी उतरण्याचं प्रकरण वाचून एखाद्या ओळखीच्या गडावर जावं, जिथली प्रत्येक पायरी पायाला पाठ आहे. पुणेकरांना सिंहगडाची आतकरवाडीची वाट आहेच, इतरांनी आपल्या जवळची टेकडी घ्यावी. पहिल्या खेपेला एकच काठी न्यावी आणि ती फक्त उतरताना वापरावी, डाव्या हातात थोडा वेळ, उजव्या हातात थोडा वेळ. कुठल्या हातात ती मोकळी वाटते हे कळलं की दुसरी काठी आणावी. दोन काठ्यांची लय पहिल्या दिवशी बसत नाही, हात आणि पाय एकमेकांत अडकतात. उलट हात, उलट पाय हा मेळ नेहमीच्या चालण्यात असतोच, तोच काठ्यांनी चालू ठेवायचा. सगळ्यांत शेवटी, हे सवयीचं झाल्यावर, घसाऱ्याच्या उतारावर जावं, आणि तेही कोरड्या दिवसांत, पाठीवर फार ओझं न घेता आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी.